काजूची दोन घरं

ओले काजूगर सोलताना बोटांना चीक लागतो, कातडी सोलवटते. मालवणच्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. पण हे झाड मूळचं ईशान्य ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते 16व्या शतकात गोव्याकडे आणलं आणि 'काजू' हे नावही त्यांच्याच भाषेतून आलं.

ईशान्य ब्राझीलमधलं फोर्तालेझा शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम 4 अंशांवर, तर मालवण उत्तरेला 16 अंशांवर. तिकडे मुख्य पाऊस फेब्रुवारी ते मे. विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा तेव्हा दक्षिणेकडे सरकतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर चढतात आणि सुमारे 3000 मिलिमीटर ओततात. फोर्तालेझात त्याच्या साधारण निम्माच.

मग झाड इथे रुजलं कसं? मला वाटतं, पावसाच्या आकड्यापेक्षा त्यानंतरची उघडीप मोलाची. काजूला मोहराच्या वेळी कोरडी हवा लागते आणि ती दोन्हीकडे महिनोन्‌महिने मिळते. तिथे झाड किनाऱ्याच्या वाळूत वाढतं, इथे जांभ्याच्या भेगांत मुळं घालून सड्यावर उभं राहतं. वेळापत्रक मात्र उलटं: तिकडचा हंगाम वर्षाच्या शेवटी, आपल्याकडे बोंडू पिकतात ते फेब्रुवारीपासून मेपर्यंत.