केबलच्या टोपणामुळे बंद पडणारा स्विच

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३६५० आणि ३८५० मालिकेतल्या ४८ पोर्टच्या स्विचवर ‘मोड’ बटण पहिल्या पोर्टच्या अगदी वर आहे. केबलच्या खटक्यावर संरक्षक टोपण असेल, तर केबल खोचताच ते बटण दाबून धरू शकते. काही सेकंदांत सॉफ्टवेअरला वाटते, कोणीतरी मुद्दाम ‘एक्सप्रेस सेटअप’, म्हणजे स्विचची नव्याने प्राथमिक मांडणी, मागितला आहे. स्विच रीबूट होतो आणि त्याला जोडलेले संगणक, फोन, कॅमेरे सगळ्यांचा संपर्क तुटतो. कंपनीने २०१३मध्ये तशी सूचना काढली. टोपण नसलेली केबल वापरता येते, टोपण कापताही येते. पण केबल उद्या कोणीही बदलेल. म्हणून एक्सप्रेस सेटअपच बंद करणारी ‘नो सेटअप एक्सप्रेस’ ही आज्ञाच भरवशाची. ती दिल्यावर कॉन्फिगरेशन जतन करायला मात्र विसरू नका.