जुन्या लेथची डागडुजी

हरिहर येथें 1941 सालीं निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचा एखादा जुना लेथ भंगारांतून नागपूरच्या घरीं आला, कीं हौशी गृहस्थ प्रथम रंगाचा डबा उघडतो. ही घाई नडते. पावसाळ्यांत चढलेला गंज रॉकेलनें भिजवून सोडवावा. एमरीचा कागद मात्र बेडवर घासूं नये. त्याचे कण सरकत्या भागांत शिरून लोखंड खात राहतात. आंखूड कामें हेडस्टॉकजवळ होत असल्यानें बेडची झीज बहुधा तेथेंच असते. कॅरेज तेथें घट्ट बसविलें, तर टेलस्टॉककडे तें अडकतें! बेडला पीळ असल्यास दांडा निमुळता कातला जातो. यासाठीं पाणसळ लावून बैठक समतल करावी. मग एक दांडा कातून त्याचीं दोन्ही टोकें मायक्रोमीटरनें मोजावीं.