कुलुपांतील हिशेब

‘क्लाऊड’ म्हणजे अखेर परक्याच्या वाड्यांतील संगणक. घरच्या दुखण्यांचे व पैशाअडक्याचे कागद आपण तेथें गूढलिपींत ठेवतों; परंतु हिशेब करावयाचा तर कुलूप उघडावें लागतें. न उघडतां गणित होईल काय, हा प्रश्न १९७८ सालीं अमेरिकेंतील रिव्हेस्ट, ॲडलमन व डर्टूझोस यांनीं मांडला.

समजा, १२ व ३० यांस गुप्त अंक ७ नें गुणून ८४ व २१० कारकुनास दिले. त्यानें बेरीज २९४ आणली. आपण ७ नें भागून ४२ मिळविले. मूळ अंक त्यास कळलेच नाहींत! कोणत्याही गणितास पुरेल अशी खरी रीत याहून फार बिकट. ती क्रेग जेंट्री यांनीं २००९ सालीं प्रथम सिद्ध केली. ती अद्यापि मंदगति आहे. तथापि किल्ली घरींच राहते, हें थोडें नव्हे.