पवन्याचं बी हाताला येतं तेव्हा

दिवाळीनंतरचा आठवडा. इंदापूर तालुक्यातल्या एका माळावर गवताचं बी गोळा करायला कापडी पिशव्या घेऊन आम्ही आठ वाजताच पोचलो. पण सोबतच्या, गवतं ओळखणाऱ्या मावशींनी कुणाला गवताला हात लावू दिला नाही. "दव वाळू दे. ओलं बी पिशवीत बुरसतं." ऊन चढल्यावर त्यांनी पवन्या गवताचं एक कणीस दोन बोटांत धरलं आणि बोटं खालून वर हलकेच सरकवली. शेंड्याकडचं बी हातात आलं, खालचं जागीच राहिलं. "आलं ते आपलं. ओढावं लागलं, तर ते अजून गवताचं."

ज्वारीसारखं हे बी एकदम पिकत नाही आणि पिकलेलं वाऱ्यावर जायला वेळ लागत नाही. म्हणून एकाच ठोंबाकडे चार-चारदा यावं लागतं. दोन तासांनी माझी पिशवी अर्धी भरली. मावशींनी मूठभर बी तळहातावर चोळून फुंकलं. फोलपट पुष्कळ, दाणे मोजके.

मग त्यांनी कुसळी गवताचं एक कुसळ माझ्या हातावर ठेवून त्यावर पाण्याचे थेंब सोडले. पिळलेलं कुसळ उलगडत सावकाश गोल फिरू लागलं. ओल आणि ऊन यांच्या फेऱ्यात ते असंच फिरत राहतं आणि टोकाचं बी मातीत रुतवतं. तेच मेंढरांच्या लोकरीत, कातडीतही घुसतं. "कुसळी आपसूक येते," मावशी म्हणाल्या. "न येणाऱ्यांना आणायचंय."

न येणारी म्हणजे शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी. गवतांचे अभ्यासक दबडघाव आणि शंकरनारायण यांच्या 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा सारा पट्टा शेडा-मारवेल प्रकारच्या गवतांचा म्हणून नोंदलेला आहे. चराई अती झाली की जनावरं आधी हीच गोड गवतं संपवतात, उरते कुसळी. पुढे कागदावर माळ 'पडीक' ठरतो आणि तिथे झाडांसाठी खड्डे पडतात. मला हा मोठा अन्याय वाटतो. माळढोक, तणमोर, खोकड, लांडगा यांना मोकळा माळच लागतो.

गोळा केलेलं बी सावलीत वाळवून उन्हाळाभर ठेवायचं; ताजं पेरलं तर ते फारसं उगवत नाही. मृगाच्या सुमारास ते वाळूत मिसळून, खुरप्याने ओढलेल्या उथळ रेघांत टाकायचं, वर चिमूटभर माती. मारवेलची मुळासकट ठोंबंही लावतात. नांगर मात्र अजिबात नको: मातीत रानकांद्याचे कंद, जुन्या गवतांची मुळं अजून जिवंत असतात. शेवरा, रानमूग यांचं बीही सोबत टाकतात, कारण या शेंगवर्गीय वनस्पती जमिनीला नत्र देतात. माळावरची वेडी बाभूळ नुसती तोडली तर पुन्हा फुटते, म्हणून ती मुळापासून खणून काढायची.

सर्वांत अवघड काम मेंढपाळांशी बोलण्याचं. पेरलेल्या तुकड्यात पहिलं वर्ष मेंढरं नकोत, बी गळल्यावर गवत कापून नेलं तर चालेल, असं ठरलं. चराई कायमची बंद करणं कुणालाच नको होतं, मावशींनाही नाही. त्यांच्या घरी मेंढरं आहेत.

तुमच्या गावच्या माळावर वृक्षारोपणाचा ठराव आला, तर खड्डे पडण्याआधी एकदा दिवाळीनंतर तिथे जा. गवत नावानिशी ओळखणारं माणूस सोबत न्या.