हरियल हवा, पण उंबर नको!

घराभोवती थोडीफार मोकळी जमीन लाभलेल्या प्रत्येकाच्या मनात असा एखादा पक्षी असतो, की जो आपल्या अंगणात यावा असे त्याला फार वाटते. पक्ष्यांची विशेष ओळख नसलेल्यांना मोर आठवतो. नजर थोडी मुरलेली असली की स्वर्गीय नर्तक, नवरंग, हरियल अशी नावे ओठांवर येतात. ही हौस निरागस आहे व तिच्यात गैर काहीच नाही. मात्र पक्षी कोणाच्या हौसेखातर येत नाही. तो पोटासाठी आणि आसऱ्यासाठी येतो. या साध्या सत्याचा विसर पडल्यामुळेच आज पक्ष्यांची आवड वाढत असताना पक्ष्यांना उपयोगी पडणारी अंगणे मात्र कमी होत आहेत.

वस्तुतः या पाहुण्यांच्या मागण्या मुळीच राजेशाही नाहीत. स्वर्गीय नर्तकाचेच पाहा. पांढरा शुभ्र नर वीतभराहून लांब शेपटीच्या फिती मिरवीत फांदीवरून झेपावतो, तो उडते कीटक टिपण्यासाठी. त्याला दाट सावली, जवळपास पाणी आणि विपुल कीटक हवेत. पावसाळ्याच्या तोंडावर रात्रीचा प्रवास करून येणारा नवरंग कधीकधी दमूनभागून भर शहरातील बागेत उतरतो. तो जमिनीवर चरणारा पक्षी. झाडाखालचा पालापाचोळा उलथून त्यातील किडे तो खातो. महाराष्ट्राचा राज्यपक्षी म्हणून मान मिळालेला हरियल प्रामुख्याने फळांवर जगतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. वड, पिंपळ, उंबर फळांनी लगडले की पिवळ्या पायांच्या या हिरव्या पारव्यांचे थवे तेथे जमतात. पानांत असे मिसळून जातात की पंख फडफडल्याखेरीज ते दिसतही नाहीत.

आता सुखवस्तू घराची बाग कशी असते? मध्यभागी कातरलेली हिरवळ, कडेने शोभेची परदेशी झुडपे आणि उरलेल्या जागेत फरशी. पाचोळा म्हणजे कचरा, म्हणून तो रोज झाडून नेला जातो. किडा दिसला की औषध फवारले जाते. वाळकी फांदी डोळ्यांत खुपते म्हणून ती छाटली जाते. वास्तविक तांबट आपल्या घरट्याचे बीळ अशाच वठलेल्या फांदीत कोरतो. म्हणजे नवरंगाचे ताट उचलायचे, नर्तकाचे अन्न विषारी करायचे, तांबटाचे घर तोडायचे आणि मग पक्षी येत नाहीत अशी खंत करीत बसायचे, असा हा प्रकार आहे.

उंबरावर घेतला जाणारा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. त्याची मुळे भिंतीत शिरतात, फळे गळून अंगण चिकट होते. आणि सदनिकेत राहणाऱ्याने तो लावायचा कोठे, हा प्रश्नही उरतोच. परंतु उंबर प्रत्येकाच्या दारी असावा असे कोणी म्हणत नाही. नदीकाठ, देवळांची आवारे, शाळांची मैदाने आणि नगरपालिकांची उद्याने एवढी जागा त्याला पुरेशी आहे. घरापाशी लिंबू किंवा कढीपत्ता लावला तरी त्यांच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आणि कढीपत्त्याची काळी फळे बुलबुल व कोकिळा आवडीने खातात.

खरी जबाबदारी सार्वजनिक संस्थांची आहे. महाराष्ट्रातील नागरी भागांसाठी झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे तत्त्वही आले. हे स्वागतार्ह आहे. तथापि साठ वर्षांच्या उंबराच्या बदली शोभेची साठ रोपे लावली गेली, तर हिशेब जुळेल आणि हरियल उपाशी राहील. मादागास्करहून आलेला गुलमोहर वैशाखात डोळे निववतो. उंबरासारखा तो फळांनी थवे पोसू शकत नाही. म्हणून वृक्षारोपणाच्या आकड्यांबरोबर झाडांच्या जातीही जाहीर व्हाव्यात आणि नागरिकांनी त्या विचारीत राहाव्यात.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. २०१० पासून २० मार्च हा दिवस चिमणी दिन म्हणून पाळला जातो, आणि दिल्लीने २०१२ मध्ये चिमणीला आपला राज्यपक्षी केले. जी चिमणी मराठी बाळाला पहिल्या घासाबरोबर भेटत असे, तिच्यासाठी दिवस राखून ठेवावा लागला, यात सारे आले. दाणे टिपणाऱ्या या पक्ष्यालाही पिल्ले वाढविण्यासाठी अळ्या व किडे लागतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बालपणी हाती आलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीचे नाव शोधीत सलीम अली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारी गेले आणि त्यातून देशाला थोर पक्षिशास्त्रज्ञ लाभला. ज्या मुलांच्या अंगणात कुतूहल वाटण्याजोगा पक्षीच उतरत नाही, त्यांनी प्रश्न विचारावे तरी कशाविषयी?

अंगणातला दुर्मीळ पक्षी हे नशीब नव्हे; तो कोणीतरी पूर्वी लावलेल्या झाडाचे व्याज असतो. उंबर लावणाऱ्या पिढीला त्यावर उतरलेले थवे पाहायला मिळतीलच असे नाही. आज जे हरियल दिसतात, तेही अशाच निरपेक्ष हातांनी लावलेल्या वा निदान न तोडलेल्या झाडांवर. ते ऋण फेडावयाचे असेल, तर स्वप्नांच्या यादीत पक्ष्याच्या आधी झाडाचे नाव लिहावे लागेल.