गारवा आत, गोंगाट बाहेर!

मे महिन्यात चिकलठाण्याला पारा ४० अंशांपलीकडे जातो. रात्री दहा वाजता घराच्या भिंतीला हात लावून पाहा, ती अजून कोमट लागते. अशा रात्री पुष्कळ मंडळी अंथरुणे घेऊन गच्चीवर झोपायला जातात. काही घरांत कूलर घरघरत असतो. आणि अलीकडे बऱ्याच घरांच्या बाहेर, भिंतीवर किंवा गच्चीवर, एक पांढरी पेटी दिसते. तिच्यातील पंखा फिरत असतो आणि ती एकसारखी गुणगुणत असते. ही वातानुकूलन यंत्राची, म्हणजेच एसीची, बाहेरची पेटी.

ही पेटी कुठे बसवावी? प्रश्न अगदी साधा वाटतो. बसवणारा कारागीर नळी कमी लागेल अशी जागा पाहतो आणि काम उरकतो. पण तीच पेटी चार हात इकडची तिकडे झाली, तर शेजारच्या घरातील कुणाची तरी झोप मोडते किंवा वाचते. हे कसे, ते आपण पाहू या.

उष्णतेचा पंप

विहिरीवरील पंप पाणी खालून वर चढवतो. पाणी आपण होऊन वर चढत नाही. त्यासाठी वीज खर्च करावी लागते. तशीच उष्णताही आपण होऊन गार खोलीतून तापलेल्या अंगणात जात नाही. तिला बाहेर ढकलावे लागते. एसी हेच काम करतो, म्हणून तो एक प्रकारचा उष्णता-पंपच होय. जर्मनीसारख्या थंड देशात हाच पंप उलटा चालवतात. तेथे तो बाहेरच्या गार हवेतील उष्णता ओढून घरात आणतो.

या पंपाचा कॉम्प्रेसर आणि मोठा पंखा बाहेरच्या पेटीत असतात. आवाज करणारे हेच दोघे. कूलरचा आवाज मुख्यतः कूलर लावणाऱ्यालाच ऐकावा लागतो. एसीचे तसे नाही. गारवा आपल्या खोलीत. उष्णता आणि आवाज मात्र बाहेर. आता रो-हाऊसच्या वसाहतीत ‘बाहेर’ म्हणजे काय? बहुधा शेजाऱ्याची खिडकी!

आवाजाचे गणित

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. हे एकक थोडे विचित्र आहे. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, आणि ऊर्जा दुप्पट झाली की फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणून ४२ डेसिबलची दोन यंत्रे एकत्र चालली तर ८४ नव्हे, ४५ डेसिबल होतात.

आता अंतराचे पाहू. फुग्यावर शाईचा ठिपका काढा आणि फुगा दुप्पट व्यासाचा होईपर्यंत फुगवा. ठिपका चौपट जागा व्यापतो आणि फिका पडतो. आवाजही असाच पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की त्याची ऊर्जा चौपट जागेत वाटली जाते, आणि पातळी ६ डेसिबलने उतरते. समजा, मोकळ्या अंगणात पेटीपासून १ मीटरवर ५४ डेसिबल आवाज आहे. मग २ मीटरवर ४८, ४ मीटरवर ४२ आणि ८ मीटरवर ३६ डेसिबल उरतील.

आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जर्मनीत सर्वसाधारण निवासी भागात रात्री ४०, तर निव्वळ निवासी भागात ३५ डेसिबलचीच मुभा आहे. तेव्हा ४ मीटरवरील ४२ डेसिबल आपल्या मर्यादेत बसतात. पण थांबा! आपले अंगण मोकळे कुठे आहे?

भिंत म्हणजे आरसा

आरशासमोर एक मेणबत्ती ठेवली तर दोन दिसतात. दोन आरसे काटकोनात उभे करून मध्ये मेणबत्ती ठेवा: तीन प्रतिमा आणि एक खरी, अशा चार दिसतील. सिमेंटची गुळगुळीत भिंत आवाजाला आरशासारखीच परतवते. पेटीच्या मागे एक भिंत असली तर जणू दोन पेट्या वाजतात, म्हणजे ३ डेसिबलची वाढ. दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवली तर जणू चार पेट्या, म्हणजे ६ डेसिबलची वाढ. आपले ४२ डेसिबल आता ४८ झाले आणि मर्यादा ओलांडली! पाहा, शेजारी ४ मीटर दूर असूनही कोपऱ्याने त्याला २ मीटरवर आणून बसवले.

दोन घरांमधील अरुंद बोळ तर याहून वाईट. तेथे आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात तुम्ही कधी गेला असाल, तर कातळाच्या भिंतींमध्ये आवाज कसा घुमतो हे तुम्हांला आठवेल. बोळाचेही तसेच.

गच्चीवर पेटी ठेवली तर खिडक्यांची अडचण कमी होते. पण शेजारच्या गच्चीवर कुणी झोपत असेल तर? कठड्याजवळची पेटी त्याच्या उशाशीच आली म्हणायची.

भिंत गाऊ लागते

शाळेतील नादकाटा वाजवून हातात धरा. आवाज जेमतेम ऐकू येतो. आता त्याचा दांडा टेबलावर टेकवा. टेबल मोठ्याने गाऊ लागते! मध्ये खोडरबर ठेवून पुन्हा टेकवा, आवाज उतरतो. टेबलाने जे केले तेच भिंत करते. लोखंडी कंसावर टांगलेल्या पेटीची कंपने भिंतीत शिरतात. रो-हाऊसमध्ये दोन घरांची भिंत एकच असते, त्यामुळे पलीकडच्या खोलीत खिडकी बंद असूनही गुणगुण ऐकू येते. म्हणून सामाईक भिंतीवर पेटी टांगू नये. जमिनीवर किंवा छतावर पक्का ओटा करून, खाली जाड रबर घालून ती ठेवावी.

अडोसा करावा का?

आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या गुणगुणीत सेकंदाला १०० कंपनांचा खर्ज सूर पुष्कळदा सापडतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ३५० ला १०० ने भागा. या सुराची लहर साडेतीन मीटर लांब निघाली! छातीइतक्या उंचीच्या कुंपणाला ती सहज वळसा घालते. पंख्याच्या आवाजातील बारीक, आखूड लहरी मात्र भिंतीमागे बऱ्याच अडतात. झाडांची एखादी रांग दोन्हींना फारशी अडवत नाही.

मग पेटीला चारी बाजूंनी बंदच केले तर? ती चूक करू नका. बाहेर फेकलेली गरम हवा पेटी पुन्हा आत ओढील, कॉम्प्रेसरला जास्त राबावे लागेल, आणि वीज व आवाज दोन्ही वाढतील. पेटीला मोकळा वारा हवाच.

नकाशा काढा

तुमच्या घरी असे यंत्र येणार असेल, तर आधी कागदावर घराचा आणि शेजारच्या घरांचा नकाशा काढा. प्रत्येक झोपण्याच्या खोलीची खिडकी आणि झोपण्याची गच्ची तांबड्या पेन्सिलीने दाखवा. शेजाऱ्यांना विचारा. औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून आलेला कामगार दुपारी झोपतो, हे नकाशावरून कळत नाही. मग तांबड्या खुणांपासून सर्वांत दूरची, कोपरा व बोळ टाळणारी आणि रस्त्याकडे तोंड असलेली जागा शोधा. नळी दोन-तीन मीटर जास्त लागेल. तो खर्च एकदाच होतो. गुणगुण मात्र रोज रात्री होते. विमानाचा आवाज कितीतरी मोठा, पण ते निघून जाते. पेटी पहाटेपर्यंत तिथेच असते.

जाता जाता एक उदाहरण सोडवा. मोकळ्या जागी १ मीटरवर ५७ डेसिबल आवाज करणारी पेटी एका भिंतीला लागून ठेवली आहे. शेजाऱ्याची खिडकी ८ मीटरवर आहे. रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा पाळली जाईल का? आणि शेजाऱ्यानेही तशीच दुसरी पेटी तिच्याशेजारी बसवली तर?

(उत्तर : ५७ मधून १८ वजा करून ३ मिळवले की ४२ डेसिबल. दोन पेट्यांचे मिळून ४५, म्हणजे अगदी मर्यादेवर. तिसऱ्याला जागा नाही!)