रोहेकराची सही, कुवेतचा बाजार

कुवेतच्या बाजारात 1961 सालापर्यंत आपला रुपया चालत असे. 1934 मध्ये तिथल्या शेखने तेल कंपनीशी करार केला, त्यात तेलाचं स्वामित्वधनही रुपयांत ठरलं: दर टनामागे तीन रुपये. बुरगाणला तेल लागलं 1938 साली, आणि महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये पहिलं जहाज भरून गेलं. त्या दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या नव्या नोटांवर सही असे ती सी. डी. देशमुखांची. चिंतामणराव बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1943 ते 1949. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण रोह्यात गेलं, म्हणून रोहेकर त्यांना हक्काने आपला माणूस म्हणतात. म्हणू द्यावं. कुंडलिका नदीकाठच्या एका मुलाची सही वाळवंटातल्या मोत्यांच्या व्यापाऱ्यांच्या गल्ल्यात पडत होती, हे काही थोडं नाही.

पुढे या रुपयाला सोन्याच्या चोरट्या व्यापाराने ग्रासलं. आखातातून सोनं यायचं, कोकणच्या खाड्यांत रात्री उतरायचं. बदल्यात गेलेल्या नोटा तिकडच्या बँकांमार्फत परत यायच्या आणि त्यांपोटी परकीय चलन मोजायला लागायचं. म्हणून 1959 मध्ये खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. दहाची लाल, शंभराची हिरवी. दोनच वर्षांनी कुवेतने आपला दिनार आणला. तेव्हा एका दिनाराला सव्वातेरा-साडेतेरा रुपये पडत. आज अडीचशेच्या वर मोजावे लागतात.

रोहा, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातली माणसं आखातात का गेली, याचं निम्मं उत्तर या दरातच आहे. विशेषतः कोकणी मुसलमान घरांतून. आधी बोटीवर खलाशी म्हणून, मग वेल्डर, ड्रायव्हर, फोरमन, आता इंजिनीअर. ‘बाहेर असतो’ एवढं म्हटलं की गावात पुढे कुणी विचारत नाही. मागे घर, शेत, बँक, मुलांची शाळा सगळं बाई सांभाळते. सुट्टीला आलेला बाप मुलाला पाहुण्यासारखा वाटतो, हा या पैशाचा हिशेब पासबुकात दिसत नाही.

कुवेत आकाराने रायगड जिल्ह्याच्या जेमतेम अडीचपट. लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, त्यात नागरिक जेमतेम तिसरा हिस्सा. बाकी कामाला आलेले, आणि त्यांत सर्वात मोठा गट भारतीयांचा. नागरिकाला दवाखाना, शिक्षण, सरकारी नोकरी हे जवळपास हक्काचं. कामगाराला कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, मर्जीची टांगती तलवार. 1990 मध्ये इराकने देश गिळला तेव्हा अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले गेले, आणि युद्ध संपताच बरेच जण पुन्हा चढले विमानात. पण त्या छोट्या राज्याची एक गोष्ट मानावी लागते. 1976 पासून त्यांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांच्या निधीत टाकायला सुरुवात केली. तेल संपणार, हे त्यांनी तेल भरपूर असतानाच धरून ठेवलं.

आपल्याकडेही तेल आहेच की. बॉम्बे हायला ते 1974 साली लागलं. तिथला वायू उरणला येतो आणि तिथून नळाने नागोठण्याला, म्हणजे रोहा तालुक्यातच. आयपीसीएलचा कारखाना उभा राहिला, पुढे तो रिलायन्सकडे गेला. पलीकडे धाटावला एमआयडीसी, त्यातली रसायनं. जमिनी गेलेल्यांची नोकरीची मागणी मात्र नागोठण्यात वर्षानुवर्षं तशीच आहे, आणि कुंडलिकेतला मासा गेला असं कोळी सांगतात. गावातली मुलं त्याच कामासाठी, वेल्डिंगचाच दाखला घेऊन, आखातात जातात.

शेजारच्या पेण तालुक्याचा ताळा निराळा. इथलं भांडवल शाडू, प्लास्टर आणि हात. देवधरांच्या घराण्याने रुजवलेला गणपतीचा धंदा आता हमरापूर, जोहे, तांबडशेतपर्यंत घरोघरी पसरलाय. वर्षभर कारखाने चालतात. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मात्र आजही वेगळा असतो, आणि त्याच्या हाताला भाव असतो. मूर्ती परदेशी जातात, आखातातल्या मराठी घरांतही.

पाण्याचं मात्र कोडंच आहे. कुवेतला एक नदी नाही. समुद्राचं पाणी गोडं करून ते नळाला देतात. पेणला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तालुक्यात हेटवण्याचं धरण, आणि वाशी-शिर्कीच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकर. धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी मागितल्या गेल्या, तेव्हा शेतकऱ्यांचा सवाल हाच होता: लाभक्षेत्रातल्या जमिनीला पाणी द्या, मग ती नापीक म्हणा. 21 सप्टेंबर 2008 रोजी सरकारने 22 गावांत मतदान घेतलं, लोकांनी बहुमताने नकार दिला, आणि पुढे प्रकल्प बारगळला. जमिनी राहिल्या. कालव्याचं पाणी किती शेतांत पोचलं, ते उन्हाळ्यात वाशी नाक्यावर उभं राहून कुणालाही विचारावं.